ज्यांच्याकडे फक्त शाळेचा कागद होता

जून महिना लागला की आमच्या उर्दू शाळेच्या ऑफिसात जनरल रजिस्टर उघडले जाते. त्या जाड रजिस्टरात एकदा नाव लागले की मूल शाळेचे झाले. पुढे आयुष्यभर शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, जन्मतारखेचा पुरावा हे सगळे त्या एका ओळीतून निघत राहते. काही वर्षांपूर्वी एक बाई दोन मुलांना घेऊन आली. नवरा बांधकामावर मजूर होता आणि तीन वर्षांत तीन गावे झाली होती. जन्माचा दाखला नव्हता, आधीच्या शाळेचा कागदही नव्हता. क्लार्क पेन हातात धरून बसले. "मॅडम, काय लिहू?" त्यांनी मला विचारले. ती बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाजी, बस इनका नाम लिख लेव."

वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. आईकडून लिहून घेतले, नावे लागली. काम पाच मिनिटांचे होते. पण ती पाच मिनिटे माझ्या मनातून गेली नाहीत. एक कागद नसल्यामुळे मूल दाराबाहेर राहते आणि एक ओळ लिहिल्यामुळे ते आत येते, एवढे वजन आपल्या त्या रजिस्टराला आहे हे मला बी.एड.मध्ये कुणी शिकवले नव्हते.

इतिहास हा माझा अध्यापनाचा विषय. त्यामुळे या प्रश्नाच्या मागे लागले आणि वाचता वाचता थेट अमेरिकेत जाऊन पोहोचले. तिथे गेली पन्नास वर्षे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर लढवला जात आहे. तिथली मुले परदेशातून आलेली, रीतसर परवान्याविना राहणारी. आपल्या मुलांचा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एक नाही, हे आधीच सांगते. ती बाई या देशाची नागरिक होती, टेक्सासमधले ते आईबाप अमेरिकेचे नागरिक नव्हते. परंतु दार कसे बंद होते आणि कशाने उघडते, हे समजून घ्यायचे असेल तर हा इतिहास प्रत्येक शिक्षकाने वाचण्यासारखा आहे.

टायलर गावची पहाट

१९७५ साली टेक्सास राज्याने आपल्या शिक्षण कायद्यात एक दुरुस्ती केली. कायदेशीर परवान्याविना देशात आलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्य पैसा देणार नाही, आणि अशा मुलांना प्रवेश नाकारण्याची मुभा स्थानिक शाळा मंडळांना राहील, असा तिचा मथितार्थ होता.

टायलर हे पूर्व टेक्सासमधले गुलाबाच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. मेक्सिकोतून आलेली कुटुंबे तिथे गुलाबाच्या मळ्यांत, कारखान्यांत राबत होती. त्यांची मुले गावातल्या सरकारी शाळेत जात होती. १९७७ च्या उन्हाळ्यात तिथल्या शाळा मंडळाने ठरवले की ज्या मुलांकडे कागद नाहीत त्यांनी वर्षाला १,००० डॉलर फी भरावी. मंडळाने 'येऊ नका' असे म्हटले नाही. फक्त फी लावली. मळ्यात मजुरी करणाऱ्या आणि चार-पाच मुले असलेल्या बापाला ही रक्कम म्हणजे शाळेच्या दारावरचे कुलूपच होते. ही पद्धत वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या इतिहासात ती पुन:पुन्हा दिसते. गरिबाला शिक्षणातून बाहेर काढण्यासाठी मनाई करावी लागत नाही, फी पुरते.

चार कुटुंबे कोर्टात गेली. त्यांच्या बाजूने मेक्सिकन वंशीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'माल्डेफ' या संस्थेचे वकील पीटर रूस उभे राहिले. आईबापांची नावे उघड झाली तर त्यांना पकडून देशाबाहेर काढण्याची भीती होती. म्हणून न्यायाधीशांनी त्यांना टोपणनावाने दावा चालवू दिला. अमेरिकन कोर्टात नाव लपवायचे असेल तर 'डो' असे म्हणतात. शाळा मंडळाचे अधीक्षक होते जेम्स प्लायलर. म्हणून हा खटला 'प्लायलर विरुद्ध डो' या नावाने इतिहासात गेला. सुनावणी गाजावाजा न होता व्हावी म्हणून ती सकाळी सहा वाजता ठेवण्यात आली. ही कुटुंबे कोर्टात आली तेव्हा घरचे सामान गाडीत भरून आली होती. कोर्टातूनच आपल्याला सीमेपार पाठवले जाईल, अशी त्यांची समजूत होती. तरीही ती आली. मुलांच्या शाळेसाठी एवढी किंमत मोजायला तयार झालेल्या त्या आईबापांची नावे न्यायालयाच्या निकालपत्रात कुठेही नाहीत.

न्यायाधीशांचे नाव विल्यम वेन जस्टिस. आडनावाचा अर्थच न्याय! त्यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण वरच्या कोर्टात, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ जून १९८२ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी मुले जिंकली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांचा युक्तिवाद साधा होता. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत कायद्याच्या समान संरक्षणाची हमी 'नागरिकाला' दिलेली नाही, राज्याच्या हद्दीतल्या 'कोणत्याही व्यक्तीला' दिलेली आहे. सीमा ओलांडण्याचा निर्णय आईबापांचा होता, मुलांचा नव्हता. मग शिक्षा मुलांना का? आणि ही मुले बहुधा याच देशात राहणार आहेत. त्यांना निरक्षर ठेवले तर समाजाच्या तळाशी कायमचा एक अडाणी वर्ग तयार होईल, त्यात देशाचे हित कोणते? बहुमतातल्या पाच न्यायमूर्तींपैकी एक थरगूड मार्शल होते. काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करणारा १९५४ चा ऐतिहासिक खटला वकील म्हणून त्यांनीच लढवला होता.

विरोधी मत देणाऱ्या चार न्यायमूर्तींचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. मुख्य न्यायमूर्ती वॉरेन बर्गर यांनी मान्य केले की मुलांना अडाणी ठेवणे हे शहाणपणाचे नाही. पण धोरण ठरवणे हे कायदेमंडळाचे काम आहे, कोर्टाचे नाही, असे त्यांचे मत होते. एका मताच्या फरकाने लाखो मुलांची शाळा टिकली. ज्यांच्या नावाने खटला गाजला ते प्लायलर साहेब पुढे अनेक वर्षांनी म्हणाले की आपण हरलो तेच बरे झाले. शिक्षण खात्यातल्या माणसाने असे बोलून दाखवायला मन मोठे लागते.

बारावीनंतरचे दार

परंतु हा निकाल बारावीपर्यंतच्या शाळेचा होता. कॉलेजबद्दल त्यात काही नव्हते. परिणाम असा झाला की तीन वर्षांचे असताना आईच्या कडेवर बसून आलेले मूल बारा-तेरा वर्षे सरकारी शाळेत शिकायचे, रोज सकाळी अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभे राहायचे, वर्गात पहिले यायचे आणि कॉलेजचा फॉर्म भरताना सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्यापाशी थांबायचे. कित्येकांना आपल्याकडे कागद नाहीत हे त्याच दिवशी घरी कळायचे. 'अम्मी, माझा नंबर काय?' या प्रश्नावर आई गप्प बसते, तो क्षण कोणत्याही भाषेत सारखाच असणार.

कॉलेजने प्रवेश दिला तरी अडचण संपत नव्हती. अमेरिकेत बहुतेक सरकारी विद्यापीठे राज्यांची आहेत आणि त्यांचे फीचे दर दोन असतात. राज्यातल्या रहिवाशाला एक दर आणि बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. आपल्याकडे मेडिकलच्या प्रवेशाला डोमिसाईलचा दाखला का लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे पटकन समजेल. कागद नसलेला विद्यार्थी त्याच गावात लहानाचा मोठा झालेला असला तरी 'बाहेरचा' ठरायचा. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज त्याला मिळत नव्हते, आजही मिळत नाही. टायलरमधली १,००० डॉलरची फी कॉलेजच्या दाराशी अशी पुन्हा उभी राहिली.

कॅलिफोर्नियात १९८५ साली एका खटल्यात अशा मुलांना रहिवाशाच्या दराने फी लावावी असा निकाल लागला. काही वर्षे दार उघडले. पुढे १९९० च्या सुमारास दुसऱ्या खटल्याने ते पुन्हा लोटले गेले. १९९४ साली तर कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रस्ताव १८७' मंजूर केला. कागद नसलेल्यांना सरकारी शाळा, कॉलेज आणि दवाखाना बंद, आणि शिक्षकांनी संशयित मुलांची माहिती सरकारला कळवावी, असे त्यात होते. शिक्षकाला खबऱ्या करण्याचा हा प्रकार होता. तो कोर्टाने रोखला आणि अमलात येऊ दिला नाही. पण वारे कोणत्या दिशेने वाहत आहे, ते सगळ्यांना दिसले.

हजेरीने केलेली किमया

१९९६ साली केंद्राने स्थलांतराचा कडक कायदा केला. त्याच्या ५०५ व्या कलमाने राज्यांचे हात बांधले. देशात बेकायदा राहणाऱ्या कुणालाही 'राज्यातला रहिवास' या आधारावर उच्च शिक्षणाची सवलत देता येणार नाही. द्यायची असेल तर तीच सवलत अमेरिकेच्या कोणत्याही नागरिकाला, तो कुठल्याही राज्याचा असला तरी, द्यावी लागेल. असे कोणते राज्य करील? सवलत बंद पाडण्यासाठीच हे कलम लिहिले होते.

इथे या इतिहासातली मला सर्वात आवडणारी गोष्ट घडली. काही आमदार, वकील आणि विद्यार्थी ते कलम पुन्हा बारकाईने वाचू लागले. त्यांना दिसले की बंदी 'रहिवास' या आधारावर आहे, शाळेच्या आधारावर नाही. मग रहिवास विचारायचाच कशाला? हजेरी विचारावी!

कॅलिफोर्नियाने २००१ साली 'एबी ५४०' हा कायदा केला. ज्याने राज्यातल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षे शिक्षण घेतले, तिथूनच परीक्षा पास केली आणि संधी मिळताच आपले वास्तव्य कायदेशीर करण्यासाठी अर्ज करीन असे प्रतिज्ञापत्र दिले, त्याला परराज्याची जादा फी नाही. ही अट पूर्ण करणारा नागरिक असो की कागद नसलेला, दोघांना एकच नियम. त्याच वर्षी, काही महिने आधी, टेक्सासनेही आपला कायदा केला होता. हायस्कूल राज्यात पूर्ण केलेले असावे आणि आधीची तीन वर्षे राज्यात काढलेली असावीत, अशी तिथली अट होती. शाळेचा आधार तिथेही होता, पण रहिवासाची अट त्याला चिकटून राहिली. या फरकाची किंमत पुढे कळली. त्या कायद्यावर सही करणारे राज्यपाल रिक पेरी रिपब्लिकन पक्षाचे होते. ज्या राज्याने १९७५ साली पहिलीचे दार बंद केले, त्याच राज्याने २६ वर्षांनी कॉलेजचे दार उघडले.

ज्या मुलांकडे पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, मतदार यादीत बापाचे नाव नाही, त्यांच्याकडे एकच कागद होता: शाळेचा. कुठल्या तरी शिक्षकाने रोज सकाळी 'हजर' म्हणून केलेली खूण तीन वर्षांनी त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहिली. आपण हजेरीपट भरतो तेव्हा कंटाळतो. त्या कंटाळवाण्या कामात काय ताकद असते, ते या कायद्याने दाखवले.

याला आक्षेप आलाच. इतर राज्यांतल्या काही अमेरिकन विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियावर दावा लावला. आम्ही नागरिक असून जास्त फी भरतो आणि ज्यांना या देशात राहण्याचाच हक्क नाही ते कमी भरतात, हा कुठला न्याय? प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. २०१० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उत्तर दिले. ही सवलत रहिवासावर नाही, शाळेवर आहे. दुसऱ्या राज्यात राहायला गेलेला नागरिकही त्याने इथल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षे काढली असतील तर तीच सवलत घेऊ शकतो, आणि असे नागरिक घेतातही. त्यामुळे केंद्राचा कायदा मोडत नाही. पुढच्या वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने यात हात घालायला नकार दिला.

१२ सप्टेंबरची सुनावणी

राज्ये फी कमी करू शकत होती, पण नागरिकत्व देणे केंद्राच्या हातात होते. पदवी घेतली तरी नोकरीचा परवाना नाही, मग त्या पदवीचे करायचे काय? शिकागोत अशीच एक पियानो वाजवणारी मुलगी होती. आईबाप कोरियाचे, तिचा जन्म ब्राझीलचा, वाढली अमेरिकेत. संगीत महाविद्यालयाच्या फॉर्ममध्ये तिच्याकडे कागद मागितला गेला. तिची हकिकत सेनेटर डिक डर्बिन यांच्यापर्यंत पोहोचली. १ ऑगस्ट २००१ रोजी डर्बिन आणि रिपब्लिकन सेनेटर ऑरिन हॅच यांनी एक विधेयक मांडले. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'ड्रीम' हा शब्द होतो. लहानपणी आलेल्या, शिकणाऱ्या मुलांना कायम राहण्याचा रीतसर मार्ग द्यावा, असे ते विधेयक. अशा मुलांना 'ड्रीमर' म्हणायची प्रथा तेव्हापासून पडली.

विधेयकावरची सुनावणी ठरली होती १२ सप्टेंबर २००१ रोजी. आदल्या दिवशी न्यूयॉर्कचे दोन टॉवर कोसळले. सुनावणी झाली नाही.

त्या एका दिवसाने जगभरच्या मुसलमानांचे काय झाले, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. परंतु त्याचा फटका वर्गातल्या बाकापर्यंत कसा बसला हे कमी लोकांना माहीत असेल. न्यूयॉर्क सिटी युनिव्हर्सिटी हे गरिबांच्या मुलांचे विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. कागद नसलेल्यांनाही तिथे १९८९ पासून रहिवाशाच्या दराने फी लागत होती. नोव्हेंबर २००१ मध्ये विद्यापीठाने ती सवलत काढून घेतल्याचे जाहीर केले. विद्यार्थी रस्त्यावर आले, काहींनी उपोषण केले. हल्ला करणारे कुठले, आणि फी वाढली ती भांडी घासून शिकणाऱ्या डोमिनिकन, मेक्सिकन, बांगलादेशी पोरांची! शेवटी २००२ साली न्यूयॉर्क राज्याने हायस्कूलच्या शिक्षणावर आधारलेला कायदा करून ती सवलत परत दिली. इथेही शाळेचाच कागद कामी आला.

त्याच सुमारास केंद्र सरकारने 'विशेष नोंदणी' सुरू केली. २५ देशांतल्या, १६ वर्षांवरील पुरुषांनी सरकारी कचेरीत जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. यातला उत्तर कोरिया सोडला तर बाकी सगळे देश मुस्लिमबहुल होते. नियम पाळावा म्हणून लोक स्वत:च्या पायांनी गेले. ८०,००० हून अधिक लोकांनी नोंदणी केली आणि १३,००० हून अधिक लोकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. वयाची अट १६ ची होती, म्हणजे दहावी-अकरावीची मुलेही त्यात आली. ही नोंदणी २०११ मध्ये थांबवण्यात आली आणि २०१६ च्या अखेरीस तिचे नियमही रद्द झाले. नाव नोंदवल्याने एका मुलाला शाळा मिळते आणि नाव नोंदवल्यानेच दुसऱ्याचे घर मोडते. फरक रजिस्टरात नसतो, ते कोणत्या हेतूने उघडले यात असतो.

तीस वर्षांनी तीच तारीख

ड्रीम विधेयक पुन:पुन्हा मांडले गेले. डिसेंबर २०१० मध्ये प्रतिनिधीगृहाने ते २१६ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केले. सेनेटमध्ये चर्चा संपवून मतदानाला जायला ६० मते हवी होती, मिळाली ५५. बहुमत असूनही विधेयक पडले. त्या काळात मुलांनी आणखी एक धाडस केले. आजवर जी गोष्ट घरात दार लावून बोलायची होती, ती त्यांनी चौकात उभे राहून सांगितली. पदवीदानाचा झगा आणि टोपी घालून ती खासदारांच्या कचेऱ्यांत बसली. आईबाप १९७७ साली कोर्टात नाव लपवून आले होते, मुले नाव सांगून आली. 

१५ जून २०१२ रोजी, प्लायलर निकालाला बरोबर ३० वर्षे झाली त्या दिवशी, अध्यक्ष ओबामा यांनी 'डाका' योजना जाहीर केली. सोळा वर्षांचे होण्याआधी आलेल्या, शिकत असलेल्या किंवा शिकलेल्या तरुणांना दोन वर्षे हद्दपारीपासून अभय आणि कामाचा परवाना, मुदत संपली की पुन्हा अर्ज. किती वर्षे देशात आहोत हे दाखवायला इथेही पुष्कळांनी शाळेचेच दाखले लावले. ८ लाखांहून अधिक तरुणांनी वेळोवेळी याचा लाभ घेतला. मात्र हा कायदा नव्हता, सरकारचा आदेश होता. २०१७ साली पुढच्या सरकारने तो रद्द करायचे ठरवले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती पद्धत चुकीची ठरवली. २०२१ साली टेक्सासमधल्या एका न्यायाधीशाने नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबवले. ज्यांना आधी मिळाले होते ते नूतनीकरण करत राहिले आणि त्यांची धाकटी भावंडे बाहेर राहिली.

आपल्या मराठी मुलुखाशी या प्रश्नाचा एक धागा जुळतो तो इथेच. पुण्या-मुंबईहून संगणकाच्या नोकरीसाठी रीतसर व्हिसावर गेलेल्या कुटुंबांची मुले आईबापांच्या व्हिसावर अवलंबून असतात. भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग एवढी लांब आहे की मूल २१ वर्षांचे होते, रांग संपत नाही. मग त्याने वेगळा व्हिसा मिळवावा किंवा देश सोडावा. 'डाका'चा लाभ यांना मिळाला नाही, कारण त्यांच्याकडे कागद होते! आपण कायद्याने आलो, त्यामुळे तो प्रश्न आपला नाही असे समजणाऱ्या घरातही एका वाढदिवसाला तो येऊन बसतो.

बंद दारासमोरचा वर्ग

सगळीच राज्ये कॅलिफोर्नियाच्या वाटेने गेली नाहीत. साउथ कॅरोलिनाने २००८ साली अशा मुलांना सरकारी कॉलेजात प्रवेशच बंद केला. जॉर्जियात २०१० साली विद्यापीठ मंडळाने ठरवले की ज्या नामांकित संस्थांत जागा अपुऱ्या पडतात तिथे कागद नसलेल्यांना घ्यायचे नाही. याच जॉर्जिया विद्यापीठाने १९६१ पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना आत येऊ दिले नव्हते. ज्यांना हा इतिहास ठाऊक होता अशा काही प्राध्यापकांनी २०११ साली अथेन्स शहरात 'फ्रीडम युनिव्हर्सिटी' सुरू केली. विद्यापीठ म्हणजे काय, आठवड्यातून एकदा भरणारा वर्ग. जागा जाहीर करायची नाही, फी घ्यायची नाही, पदवी देता येत नाही. मुले दूरदूरून येत. पदवी नाही तर मग येत कशाला, असे विचारणाऱ्याला इल्म म्हणजे काय ते अजून समजलेले नाही. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली आणि घर सुटल्यावर उस्मान शेख यांच्या घरात त्यांना आसरा मिळाला, फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबत शिकवू लागल्या, तेव्हा त्यांच्या शाळेच्या दाखल्याला तरी बाजारात काय किंमत होती?

आणि पुन्हा टेक्सास

हा लेख इथे आशेवर संपवता आला असता. पण इतिहास शिकवणाऱ्याने सोयीच्या वर्षी थांबू नये. ४ जून २०२५ रोजी केंद्र सरकारच्या न्याय खात्याने टेक्सासच्या २००१ च्या कायद्याविरुद्ध दावा दाखल केला. टेक्सास सरकारने आपल्याच कायद्याचा बचाव केला नाही, वादीचे म्हणणे मान्य केले आणि त्याच दिवशी न्यायाधीशांनी कायद्याला मनाई केली. चोवीस वर्षे चाललेला, रिपब्लिकन राज्यपालाच्या सहीने आलेला कायदा एका दिवसात गेला. ज्या मुलांची फी रातोरात कित्येक पट होणार होती, त्यांना आपली बाजू मांडायला त्या दिवशी संधीही मिळाली नाही. शाळेच्या हजेरीला रहिवासाची अट चिकटलेली होती, नेमके तिथेच बोट ठेवले गेले. फ्लोरिडानेही २०१४ साली दिलेली सवलत २०२५ मध्ये काढून घेतली. वीसहून अधिक राज्यांत ती टिकून आहे.

या पन्नास वर्षांच्या हिशेबातून मला दोन गोष्टी कळल्या. पहिली ही की दार उघडले म्हणजे ते उघडेच राहील असे नाही. १९७७, १९९०, २००१, २०२५, प्रत्येक वेळी ते कुणीतरी लोटले, आणि बहुतेक वेळा फी आणि कागद या दोनच हातांनी. दुसरी गोष्ट आपल्या धंद्याची आहे. ज्या मुलाला सगळ्या सरकारी कचेऱ्या 'तू कोण?' असे विचारतात, त्याला 'हा माझा विद्यार्थी आहे' असे लिहून देणारी एकच जागा असते, ती म्हणजे शाळा. कायदे त्या ओळीवर उभे राहिले. जिथे ती ओळ नीट लिहिली गेली नसेल, तिथे कोणताही कायदा त्या मुलाच्या कामाला येत नाही.

त्या बाईचा मोठा मुलगा आमच्याकडे सातवीपर्यंत शिकला. मग कुटुंब पुन्हा कामासाठी गाव सोडून गेले. जाताना तो शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला एकटाच आला होता. क्लार्कने रजिस्टर काढले, ओळ सापडली. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, सगळे भरलेले. दाखल्यावर शिक्का मारून मी तो त्याच्या हातात दिला आणि सांगितले, "बेटा, ह्याची झेरॉक्स काढून ठेव. मूळ कागद कुणाला देऊ नकोस." त्याने तो घडी न घालता वहीत ठेवला.